पावसाळ्यात हटकून गायब होणारी फोटोंची डिस्क : दुखणे नेमके कुठे आहे ते कसे शोधावे

मोठा फोटोसंग्रह एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर ठेवणाऱ्यांपैकी पुष्कळ जणांना एक त्रास पुन्हा पुन्हा होतो. कार्डावरचे फोटो उतरवताना किंवा जुन्या फोटोंवर काम करताना डिस्क मध्येच दिसेनाशी होते, सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फोटोवर ‘फाइल सापडत नाही’ अशी खूण उमटते, केबल काढून पुन्हा खोचली की सगळे जागच्या जागी परत येते, आणि थोड्या दिवसांनी तोच प्रकार नव्याने घडतो. सगळे परत येते म्हणूनच आपण त्याकडे काणाडोळा करतो. मीही तेच केले आणि त्यापायी २१२ फोटो बिघडले. हा त्रास कशामुळे होतो, कारणे कोणत्या क्रमाने तपासावीत आणि नवी डिस्क विकत घेण्याआधी काय करून पाहावे, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

माझा संग्रह २००८ पासूनचा आहे. साताऱ्यात राहत असल्यामुळे माउलींची पालखी लोणंद ते बरड या टप्प्यात असताना दरवर्षी टिपणे आणि पावसाळा उतरू लागला की कासच्या पठारावरची फुले टिपणे, ही माझी दोन मोठी कामे. उरलेले वर्षभर किल्ले, जत्रा आणि घरचे समारंभ चालू असतात. आज १,६०,००० च्या आसपास फोटो आहेत आणि एका फोटोला सरासरी २५ एमबी धरले तर त्यांना ४ टीबी जागा लागते. २०१८ मध्ये, संग्रह अडीच टीबीचा असताना, मी तो एका २.५ इंची, ५ टीबीच्या डिस्कवर आणला. खिशात मावेल एवढी, वेगळा अ‍ॅडॅप्टर न लागणारी, एका केबलवर चालणारी ती डिस्क मला फार सोयीची वाटली होती. मूळ फोटो, लाइटरूम या फोटो सांभाळण्याच्या सॉफ्टवेअरचा कॅटलॉग (फोटोंची नोंदवही) आणि प्रीव्ह्यू (पडद्यावर झटपट दाखवण्याच्या प्रती) असे सर्व काही मी त्याच एका डिस्कवर ठेवले होते.

२०१८ च्या वारीत डिस्क दोनदा गायब झाली, २०१९ मध्ये वारीत आणि कासच्या दिवसांत मिळून सहा वेळा. हे सगळे पावसाळ्यातच घडत असल्याने दुकानदारापासून ओळखीच्या छायाचित्रकारांपर्यंत प्रत्येकाने दमट हवेकडे बोट दाखवले आणि मलाही ते पटले. मी डिस्क सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवू लागले. २०२० मध्ये पायी वारी झाली नाही आणि मीही त्या पावसाळ्यात कॅमेरा घेऊन घराबाहेर पडले नाही. साताऱ्याचा पाऊस मात्र नेहमीसारखाच पडला. त्या चार महिन्यांत मी घरी बसून जुन्या फोटोंची निवड आणि वर्गवारी केली, आणि डिस्क एकदाही गेली नाही. २०२१ चा पावसाळाही तसाच सुरळीत गेला. २०२२ मध्ये वारी पुन्हा निघाली आणि पहिल्याच संध्याकाळी डिस्क गायब झाली. दोष हवेचा असता तर मधली दोन वर्षे सुखाची गेली नसती. बदलले होते ते एवढेच, की वारीच्या दिवशी मी एका बैठकीत ११० जीबी फोटो त्या डिस्कवर ओतत होते आणि एरवी कधी पाच-सात जीबीच्या वर जात नव्हते. थोडक्यात, दुखणे भाराचे होते. पावसाळा आणि भार एकाच वेळी येत असल्यामुळे ते ऋतूचे वाटत होते.

डिस्क कधी जाते, हा पहिला प्रश्न

तपासणीची सुरुवात कोणत्याही सॉफ्टवेअरने करू नये. एका वहीने करावी. डिस्क दिसेनाशी झाली की तारीख, वेळ, त्या क्षणी काय चालले होते, किती जीबी उतरवून झाले होते आणि लॅपटॉपला आणखी काय काय जोडलेले होते, हे लिहून ठेवावे. पाच-सहा नोंदी झाल्या की नमुना दिसू लागतो. काहीच काम चालू नसताना, चहा पिऊन परत आल्यावर डिस्क गेलेली दिसत असेल, तर संशय वीजबचतीच्या सेटिंगवर घ्यावा. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड नावाची सोय असते, ती बंद करून पाहावी. लॅपटॉप हलवला, टेबलाला धक्का लागला किंवा केबलला हात लागला की डिस्क जात असेल, तर टोकाची जोडणी सैल झाली आहे. आणि मोठे काम सुरू झाल्यावर काही मिनिटांनी डिस्क जात असेल, तर वीज अपुरी पडते आहे किंवा डिस्कला तो लेखनाचा भार झेपत नाही. माझ्या वहीतील सर्व नोंदी या तिसऱ्या प्रकारच्या होत्या.

वहीला जोड म्हणून विंडोजची स्वतःची नोंदवही आहे, तिचा उपयोग फार थोडे लोक करतात. इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्ज आणि त्याखाली सिस्टिम येथे गेल्यावर ‘डिस्क’ या स्रोताच्या नोंदी पाहाव्यात. १५७ क्रमांकाची नोंद म्हणजे डिस्क अचानक काढली गेली असे विंडोजला वाटले. आपण केबलला हात लावलेला नसताना ही नोंद दिसली तर वीज किंवा केबल हे कारण असण्याचा संभव अधिक. १५३ क्रमांक म्हणजे डिस्कने वेळेत उत्तर दिले नाही म्हणून तीच क्रिया पुन्हा करावी लागली. ७ क्रमांक म्हणजे डिस्कवरचा एक भाग वाचताच आला नाही, आणि ही नोंद दिसली तर पुढची सगळी तपासणी बाजूला ठेवून आधी बॅकअप घ्यावा. माझ्याकडे १५३ च्या नोंदींची रांग आणि तिच्या शेवटी एक १५७, असे प्रत्येक वेळी दिसले. याचा अर्थ असा, की डिस्क एकाएकी मरत नव्हती. आधी ती दमत होती आणि मग कोसळत होती.

याच टप्प्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत साधनाने डिस्कची प्रकृती पाहून घ्यावी. त्यातील ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींचे मूळ आकडे शून्य असावेत. सी५ वाढत चालला असेल तर डिस्क बदलण्याची वेळ आलेली आहे. सी७ ही ओळ केबलच्या चुका मोजते असे सर्रास सांगितले जाते आणि ते खरेही आहे, परंतु एक्स्टर्नल डिस्कमध्ये ती मोजणी पेटीच्या आतल्या साटा जोडणीची असते, बाहेरच्या यूएसबी केबलची नव्हे. त्यामुळे सी७ शून्य आहे म्हणून यूएसबी केबल निर्दोष आहे असा निष्कर्ष काढू नये. मी तो काढला होता आणि त्यात एक पूर्ण हंगाम वाया गेला.

केबल, हब आणि वीज

अ‍ॅडॅप्टर नसलेली २.५ इंची डिस्क आपली सगळी वीज यूएसबी पोर्टमधून घेते. यूएसबी २.० च्या पोर्टने ५०० मिलीअँपिअर आणि यूएसबी ३.० च्या पोर्टने ९०० मिलीअँपिअर द्यावेत असे मानक सांगते. फिरत्या तबकडीची डिस्क सुरू होताना मात्र क्षणभर जवळजवळ १ अँपिअर ओढू शकते आणि सलग लेखन चालू असतानाही तिची भूक मोठी असते. लॅपटॉपला दोनच पोर्ट म्हणून आपण चार तोंडांचा स्वस्त हब आणतो, त्याला डिस्क, कार्ड रीडर आणि माउस जोडतो, आणि एका पोर्टला मिळणारी वीज तिघांत वाटली जाते. रोजच्या हलक्या कामात हे खपून जाते. कार्ड रीडर आणि डिस्क दोघेही एकाच वेळी पूर्ण जोरात चालू लागले की खपत नाही.

हे मला माझ्या भाच्याने प्रत्यक्ष दाखवले. तो विद्युत अभियांत्रिकी शिकतो. त्याने बोटभर लांबीचा यूएसबी मीटर हब आणि डिस्कच्या मध्ये लावला आणि मला नेहमीप्रमाणे फोटो उतरवायला सांगितले. सुरुवातीला पडद्यावर ५.०५ व्होल्ट होते. कार्ड रीडर सुरू झाल्यावर ते ४.८ झाले, आणि नंतर ४.५ च्या आसपास डोलू लागले. डिस्कमधून हलकासा ‘टक्’ असा आवाज आला, तिचा दिवा विझला, तबकडी थांबत गेल्याचा लांबत जाणारा सूं ऐकू आला आणि पुन्हा ती फिरू लागली. “आत्या, डिस्क बिघडलेली नाही, तिला जेवायला मिळत नाहीये,” असे तो म्हणाला. मग त्याने डिस्क थेट लॅपटॉपच्या पोर्टला जोडली, कार्ड रीडर हबवर ठेवला आणि केबल बदलून आखूड, जाड केबल लावली. मीटर ४.९ च्या खाली गेला नाही.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे: डिस्क कधीही हबवर लावू नये, आणि हब अपरिहार्य असेल तर स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेलाच घ्यावा. दुसरा उपाय शे-दोनशे रुपयांचा, म्हणजे केबल बदलणे. बहुतेक पोर्टेबल डिस्कना रुंद, दोन भागांत विभागलेले मायक्रो-बी टोक असते आणि ते वारंवार काढण्या-घालण्याने सैल होते. त्यातले काही संपर्क तुटले तरी डिस्क चालू राहते, फक्त ती यूएसबी २.० च्या वेगाने चालते, आणि हे आपल्या लक्षातही येत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. एक मोठी फाइल कॉपी करताना वेग सुरुवातीपासूनच सेकंदाला ३५-४० एमबीच्या वर जात नसेल, तर केबल, पोर्ट किंवा हब यांपैकी काहीतरी २.० वर अडकले आहे. टोक सी आकाराचे आहे म्हणजे केबल वेगवान आहे असेही समजू नये; फोनच्या चार्जरसोबत येणाऱ्या सी केबली बहुधा २.० च्याच वेगाच्या असतात.

कौलारू डिस्क

वीज सुधारल्यावर डिस्क गायब होणे थांबले, पण १५३ च्या नोंदी थांबल्या नाहीत. पहिले ३५ जीबी सेकंदाला ११० एमबी या वेगाने उतरत आणि मग वेग घसरून १५ वर येई, मधूनमधून शून्यावरही. ११० जीबी सलग पूर्ण वेगाने उतरले तर १७-१८ मिनिटांत काम व्हावे. सेकंदाला १५ एमबीने त्याला दोन तास लागतात. सुरुवातीला वेगवान आणि पुढे मंद, हा नमुना केबलचा नाही. तो डिस्कच्या लेखनपद्धतीचा आहे.

हार्ड डिस्कच्या तबकडीवर लिहिण्याच्या दोन पद्धती आज बाजारात आहेत. सीएमआर या पद्धतीत प्रत्येक पट्टा शेजारच्या पट्ट्यापासून सुटा असतो, त्यामुळे कोणताही पट्टा केव्हाही पुन्हा लिहिता येतो. एसएमआर (शिंगल्ड मॅग्नेटिक रेकॉर्डिंग) या पद्धतीत पट्टे एकमेकांवर थोडे थोडे चढवलेले असतात, अगदी कौलारू छपरावर एका कौलाची कड दुसऱ्यावर यावी तसे. त्या इंग्रजी नावातला पहिला शब्दही छपरावरच्या कौलांवरूनच घेतलेला आहे. यामुळे तेवढ्याच तबकडीत अधिक मजकूर मावतो. परंतु मधले एक कौल बदलायचे तर त्याच्यावरची कौले उचलून पुन्हा बसवावी लागतात, तसेच मधला एक पट्टा लिहायचा तर पुढचे पट्टे वाचून पुन्हा लिहावे लागतात. हा द्राविडी प्राणायाम आपल्याला दिसू नये म्हणून डिस्क आधी सगळे एका राखीव भागात भरभर उतरवून घेते आणि नंतर, आपण काही करत नसताना, तिथून उचलून जागच्या जागी लावते. राखीव भाग भरला की मात्र तिला एकाच वेळी घ्यावेही लागते आणि लावावेही लागते, आणि मग वेग कोसळतो.

४ आणि ५ टीबीच्या २.५ इंची पोर्टेबल डिस्क एसएमआर पद्धतीच्याच असतात. माझी डिस्क सदोष नव्हती. मी तिला चुकीचे काम दिले होते. रोज उघडायचा कॅटलॉग, सतत बदलणारे प्रीव्ह्यू आणि एका बैठकीतले ११० जीबी, हे तिघेही एसएमआर डिस्कचे सर्वांत नावडते काम आहे. उलट एकदा लिहून कपाटात ठेवायची प्रत म्हणून तीच डिस्क चांगली आणि स्वस्त पडते. खरेदी करताना पेटीवर ही माहिती बहुधा नसते, म्हणून उत्पादकाच्या तांत्रिक माहितीपत्रकात नेमक्या मॉडेल क्रमांकासमोर लेखनपद्धत पाहावी. नुसत्या ‘एनएएस’ (घरच्या नेटवर्कवर चालणारी साठवणपेटी) या शिक्क्यावर विसंबू नये. २०२० मध्ये त्या शिक्क्याच्या काही डिस्कही खरेदीदारांना न सांगता एसएमआर केल्याचे उघड झाले होते, आणि ज्यांनी त्या रेडमध्ये, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या मांडणीत, घातल्या त्यांना मोठा मनस्ताप झाला.

ड्राइव्हचे अक्षर

हे छोटे आहे पण सर्वांत जास्त घाबरवणारे आहे. डिस्क परत जोडल्यावर विंडोज तिला कधी ई हे अक्षर देते, कधी एफ, कारण मधल्या काळात पेन ड्राइव्हने ते अक्षर घेतलेले असते. कॅटलॉग मात्र फोटोंचा पत्ता जुन्या अक्षराने शोधतो आणि लाखभर फोटो हरवल्याचे सांगतो. अशा वेळी फोटो एकेक करून जोडत बसू नये आणि पुन्हा इम्पोर्ट तर मुळीच करू नये, कारण त्यामुळे आधी केलेली वर्गवारी आणि संपादन यांपासून फोटो तुटतात. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या डिस्कला पी किंवा एक्स असे वर्णमालेतले लांबचे अक्षर कायमचे द्यावे आणि कॅटलॉगमध्ये फक्त सर्वांत वरच्या फोल्डरचा नवा पत्ता एकदाच दाखवावा. खालचे सगळे आपोआप जुळते.

अर्धा करडा फोटो

२०२२ च्या वारीतले चांदोबाचा लिंब येथील उभ्या रिंगणाचे फोटो मी तीन आठवड्यांनी उघडले. एका फोटोत धावत्या अश्वाचे डोके आणि आयाळ स्वच्छ दिसत होते, मानेच्या खाली जांभळट पट्ट्यांचा एक थर होता आणि त्याखाली सपाट करडा रंग. दोन्ही बाजूंचे वारकरी, पताका, रिंगणाची माती, यांतले काहीही नव्हते. असे २१२ फोटो निघाले. सगळे डिस्क गायब झाल्याच्या मिनिटा-दोन मिनिटांतले होते.

यातील फसवी गोष्ट अशी, की छोट्या चौकटींमध्ये हे सगळे फोटो शाबूत दिसत होते. रॉ फाइलच्या (कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या माहितीच्या फाइलच्या) पोटात कॅमेऱ्याने तयार केलेला एक जेपीईजी असतो आणि पाहणी करताना सॉफ्टवेअर आधी तोच दाखवते. मूळ रॉ माहिती तुटलेली असली तरी तो जेपीईजी धड असू शकतो. म्हणून चौकटी नुसत्या चाळून ‘सगळे आले’ असे समजणे धोक्याचे आहे. पण हीच गोष्ट थोडी उपकारकही ठरते: एक्झिफटूल या मोफत साधनाने तुटलेल्या रॉ फाइलमधून तो जेपीईजी बाहेर काढता येतो. कॅमेऱ्यानुसार तो पूर्ण आकाराचा किंवा बराच लहान असतो. माझ्या २१२ पैकी १७९ फोटोंचे जेपीईजी धड निघाले. ते छापण्याजोगे आहेत, जरी रॉ फाइलमधली प्रकाश सावरण्याची मोकळीक त्यांत नाही. उरलेले ३३ गेले ते गेलेच, त्यांत त्या अश्वाचा फोटोही आहे.

बिघाड होण्याची कारणे दोन होती. लेखन चालू असताना डिस्क गेली, हे एक. दुसरे म्हणजे ती डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली होती. विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालते म्हणून अनेक जण एक्सफॅट ठेवतात, परंतु तिच्यात जर्नल नसते, म्हणजे अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद ठेवून पुढच्या वेळी रचना सावरून घेण्याची सोय नसते. ज्यांचे काम केवळ विंडोजवर चालते त्यांनी एनटीएफएस वापरावी. केवळ मॅकवर चालते त्यांनी मॅकची स्वतःची पद्धत वापरावी. फॉरमॅट बदलताना डिस्क पूर्ण पुसली जाते, हे ध्यानात ठेवून आधी सगळे दुसरीकडे हलवावे. जर्नल असले तरी तुटलेला फोटो जोडला जात नाही, फक्त फोल्डरांची रचना वाचते, हेही खरे आहे.

मग फोटो वाचवायचे कसे? कार्ड लगेच फॉरमॅट न करणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. माझी जुनी सवय अशी होती, की उतरवून झाले की दुसऱ्या दिवसासाठी कार्ड लगेच रिकामे करायचे. आता मी दोन जादा कार्डे ठेवते आणि फोटो दोन वेगळ्या डिस्कवर पोहोचून पडताळून झाल्याशिवाय कार्डाला हात लावत नाही. पडताळणी म्हणजे फाइलींची संख्या मोजणे नव्हे. टेराकॉपीसारखे साधन मूळ फाइल आणि उतरवलेली फाइल दोन्हींचा चेकसम (मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) काढून ताडून पाहते. वेळ जवळपास दुप्पट लागतो, पण तो द्यावा. पडताळणीत दर वेळी वेगवेगळ्या फाइली चुकीच्या निघत असतील तर डिस्कपेक्षा रॅमवर संशय घ्यावा आणि विंडोज मेमरी डायग्नोस्टिक रात्रभर चालवावे. ही शक्यता क्वचितची आहे, पण खराब रॅम दोन्ही प्रतींमध्ये सारखेच विष कालवते, म्हणून ती विसरू नये.

मांडणी कशी बदलली

इतके समजल्यावर मी कामाची डिस्क, कोठाराची डिस्क आणि प्रतीची डिस्क यांची कामे वेगळी केली.

लॅपटॉपच्या आतील एसएसडीवर (फिरती तबकडी नसलेल्या वेगवान डिस्कवर) कॅटलॉग आणि प्रीव्ह्यू आहेत. कॅटलॉग म्हणजे एक डेटाबेस असतो. लाइटरूम क्लासिकमध्ये तो एसक्यूलाइट स्वरूपाचा आहे आणि डिजीकॅम या मोफत पर्यायातही नेहमीच्या मांडणीत तसाच असतो. फोटो चाळताना या डेटाबेसला आणि प्रीव्ह्यूच्या बारीक फाइलींना सेकंदाला शेकडो वेळा हात घालावा लागतो. फिरत्या डिस्कचे डोके एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला दहा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ घेते, म्हणजे सेकंदाला शंभरएक फेऱ्यांत तिची शक्ती संपते. एसएसडीला असल्या हजारो फेऱ्या जड जात नाहीत. ‘लायब्ररी फार हळू चालते’ या तक्रारीवर मूळ फोटो एसएसडीवर हलवणे हा खर्चिक आणि बराचसा निरुपयोगी उपाय आहे. कॅटलॉग आणि प्रीव्ह्यू हलवले की फरक लगेच जाणवतो. माझे प्रीव्ह्यू दीडशे जीबीच्या घरात आहेत. चालू कॅटलॉग क्लाउडशी सतत जुळवल्या जाणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नये, कारण अर्धवट लिहिलेली अवस्था तिकडे जाऊन परत आली तर तो बिघडू शकतो. क्लाउडवर त्याचा बंद केलेला बॅकअप पाठवावा.

चालू वर्षाचे फोटो २ टीबीच्या बाहेरच्या एसएसडीवर उतरतात. जुने सगळे ८ टीबीच्या ३.५ इंची, सीएमआर, स्वतःचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर असलेल्या डिस्कवर आहेत आणि ती यूपीएसवर चालते. पावसाळ्यात आमच्याकडे वीज दिवसातून तीन-तीनदा जाते. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून आपण निर्धास्त राहतो, पण अ‍ॅडॅप्टरवरची डिस्क त्याच क्षणी बंद पडते, आणि आपण वीजपुरवठ्याचे दुखणे एका जागेवरून दुसऱ्या जागी नेलेले असते. लहान यूपीएस यासाठी पुरतो. घराबाहेर काम करायचे असेल तर मी स्मार्ट प्रीव्ह्यू बनवून ठेवते. त्यांची लांब बाजू २५६० पिक्सेल असते, आणि मूळ डिस्क जोडलेली नसतानाही त्यांवर संपादन करता येते.

एनएएस घ्यावा का, असे मला पुष्कळ जण विचारतात. घरात दोन-तीन जण एकच संग्रह वापरत असतील तर जरूर घ्यावा. एकट्याने काम करणाऱ्याला साध्या गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपासच वेग मिळतो, म्हणजे यूएसबीच्या चांगल्या डिस्कपेक्षा अधिक काही नाही, आणि लाइटरूम क्लासिकचा कॅटलॉग तर नेटवर्क ड्राइव्हवरून उघडतच नाही. शिवाय दोन डिस्कचा रेड म्हणजे बॅकअप, हा गैरसमज फार पसरलेला आहे. रेड एक डिस्क बंद पडल्यास काम चालू ठेवतो. चुकून पुसलेला फोल्डर मात्र तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी आणि तितक्याच इमानाने पुसतो.

प्रती

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारची साधने, एक प्रत घराबाहेर, हा ३-२-१ चा नियम अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केला आणि त्याला आजही तोड नाही. माझी दुसरी प्रत घरातच आणखी एका ८ टीबी डिस्कवर आहे. ती फक्त रविवारी जोडली जाते. कायम जोडून ठेवलेली प्रत विजेचा लोट आला किंवा खंडणीखोर व्हायरस शिरला तर मूळ डिस्कसोबतच जाते. प्रत करण्यासाठी विंडोजमध्येच असलेले रोबोकॉपी पुरते, पण त्यातला मिरर हा पर्याय विचार करून वापरावा, कारण मूळ जागी जे नाही ते तो प्रतीतूनही काढून टाकतो. चुकून फोल्डर हलवला गेला असेल आणि रविवारी मिरर चालवला, तर शेवटचा आधारही जातो.

एसएसडी ही कपाटात वर्षानुवर्षे ठेवायची प्रत म्हणून घेऊ नये. मेमरीची मानके ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या मानकानुसार, ग्राहक वर्गातील एसएसडीचे लेखन-आयुष्य पूर्ण संपलेले असताना, वीज नसताना आणि ३० अंश सेल्सिअसला तिने १ वर्ष माहिती टिकवावी एवढीच अपेक्षा आहे. नव्या एसएसडीत हा काळ पुष्कळ मोठा असतो, तरी दीर्घकाळच्या साठ्यासाठी फिरती डिस्कच बरी.

एक सूचना कळकळीने करते. डिस्कमधून ठरावीक अंतराने टक-टक असा आवाज येऊ लागला आणि चांगल्या केबलवर, थेट पोर्टवर लावूनही ती दिसत नसेल, तर ती पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. दुरुस्तीचे सॉफ्टवेअर चालवू नये, चेकडिस्क तर नाहीच. प्रत्येक वेळी चालू करताना डोके तबकडीला घासण्याची शक्यता असते आणि वाचू शकणारी माहितीही जाते. दुसरी प्रत असेल तर ती डिस्क सोडून द्यावी. नसेल तर ती न चालवता डेटा रिकव्हरी करणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवावी.

जुनी ५ टीबीची डिस्क मी टाकून दिली नाही. तिच्यावर आता तिसरी प्रत आहे आणि ती पुण्याला भावाच्या घरी असते. दिवाळीला आणि गुढीपाडव्याला तो येताना घेऊन येतो, मी ती थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावते आणि सहा महिन्यांचे फोटो पन्नास-पन्नास जीबीच्या टप्प्यांत, मध्ये तासाभराची विश्रांती देत उतरवते. शेवटची फाइल गेल्यावरही ती रात्रभर जोडलेलीच ठेवते, कारण पडद्यावर काम संपलेले दिसले तरी आत तिची कौले लावणे चालूच असते. बोट टेकवले की ती बारीक थरथर हाताला कळते. सकाळी ती थांबलेली असते, मग इजेक्ट करून मी ती भावाच्या पिशवीत ठेवते.